धुऊन रिकामी केलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे. माझ्या अंगावर पँटचा खिसा आहे, पण हसू नका बरे! कोंढा गावच्या सुखरामची पँट गुडघ्यावर विरली, तेव्हा त्याची बायको चंद्रकांता हिने तिच्यातूनच मला शिवले. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, शिदोरी नेत असे. "मोठी मजबूत झाली बाप्पा," असे ती शेजारणींना कौतुकाने सांगायची. मग घरात स्टीलचा डबा आला आणि मी खुंटीला लटकले. वाईट वाटले. का वाटू नये?

पुढे सुखरामला बीपी निघाला आणि मला पुन्हा काम मिळाले. त्याच्या गोळ्या माझ्यात राहू लागल्या. त्यात त्याचे साडू लक्ष्मणराव यांनी आपल्याही गोळ्या आणून दिल्या. "नागपूरच्या डॉक्टरच्या हायेत, मले लय फायदा झाला!" झाले, सुखराम दोन्ही घेऊ लागला. काही दिवसांत त्याला उठताना गरगरायला लागले. एकदा तर तो शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली चिखलात पडला. चंद्रकांताच्या तोंडचे पाणी पळाले. नेहमीचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले होते, म्हणून पवनीच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे जायचे ठरले.

आता चंद्रकांताची तऱ्हा पाहा! पाहुण्यांकडे निघाल्यासारखे तिने मला साबणाने धुतले, वाळवले, सुखरामच्या गोळ्या परत माझ्यात ठेवल्या आणि साडूच्या गोळ्या मात्र स्वतःच्या पदरात गाठ मारून ठेवल्या.

"दुसऱ्याची दवाई खाल्ली म्हनून डॉक्टरीनबाई रागावतीन ना!"

इतकी स्वच्छ मी कधीच नव्हते आणि इतकी घाबरलेलीही नव्हते.

डॉक्टर रीता यांनी खूप काही विचारले. त्रास कधी होतो, जेवण काय, आणखी कोणती गोळी चालू आहे?

"नाई जी, हेच एक," सुखराम म्हणाला.

त्यांनी त्याचा बीपी बसवून मोजला, मग उभे करून मोजला. उभा राहताच तो डुलला आणि त्याने टेबल घट्ट धरले.

"काका, मी तुम्हाला आज पहिल्यांदा पाहतेय," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार. उभं राहिलं की बीपी फार उतरतोय."

बोल ना माये, बोल! मी मनातल्या मनात ओरडत होते.

चंद्रकांताने नवऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने पदराची गाठ सोडली. "रागावू नका जी. ह्याबी खाऊन राहिले ते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून पाहिली. "नावं वेगळी, पण औषध एकच आहे. दुप्पट पोटात जात होतं." चंद्रकांता तिथेच रडली. साडूच्या गोळ्या बंद झाल्या आणि हळूहळू सुखरामची चक्करही थांबली.

आता मी पुन्हा मळकी आहे. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना तिने माझ्यात त्याच्या चूर्णाची पुडीसुद्धा टाकली.

मित्रांनो, नव्या डॉक्टरकडे जाताना मला खुशाल धुवा, पण पोटात जाते ते सगळे पुन्हा माझ्यात भरा. त्या दिवशी ती गाठ सुटली नसती, तर मी आजही तशीच स्वच्छ असते. फक्त, कोणाच्या गोळ्यांसाठी मला खुंटीवरून काढले असते?