डावखुरीचं म्हातारपण

डावखुरी मेली त्या संध्याकाळी कवळीताईंनी स्वयंपाक केला नाही. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ती मेली. शेवटच्या भागात. सतराव्या वर्षी." नवरा फ्रिज दुरुस्त करणारा, दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरांत वाकून आलेला. त्याने बायकोच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने अंडी फोडायला घेतली.

डावखुरी ही एका जपानी ॲनिमे मालिकेतली तलवारबाज पोरगी. तिचं खरं नाव लांबलचक होतं, जिभेला पीळ पडेल असं, म्हणून घरात सगळे तिला डावखुरीच म्हणत. लेक शाळेत असताना पाय मोडून घरी बसली होती, तेव्हा वेळ जाईना म्हणून मायलेकींनी मालिका बघायला घेतली. लेकीचा पाय जुळला, शिक्षण झालं, नोकरीला ती दुसऱ्या गावी गेली आणि मालिकेवरून तिचं मन उडालं. आईचं उडालं नाही. उलट आईने डावखुरीच्या बाहुल्या जमवायला सुरुवात केली. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या या बाहुल्यांना छंदवाले फिगर म्हणतात. त्या आणायच्या, सुट्ट्या करायच्या, रंग उतरवायचा, नवा हात घडवायचा, नवा अंगरखा चढवायचा, असा हा छंद. कवळीताईंना तो जड गेला नाही, कारण दातांच्या लॅबमध्ये त्यांचं आयुष्य याच कामात गेलं होतं. मेणात दात बसवणं, साचा ओतणं, छोट्या मोटरवर हिरडीचा उंचवटा घासणं. फरक एवढाच, की लॅबमधला माल लोकांच्या तोंडात जायचा आणि घरातला कपाटात.

मालिका संपली तेव्हा शहरातल्या फिगरवाल्यांच्या क्लबात अक्षरशः सुतक पडलं होतं. बहुतेक सगळी कॉलेजातली नाहीतर नुकती नोकरीला लागलेली पोरं. त्यांनीच यांना कवळीताई हे नाव दिलेलं. पोरं रडत होती, पण त्या रडण्यात एक समाधानही होतं. काय मरण दिलंय, म्हणत होती. कसलं सुंदर मरण. कवळीताई गप्प बसून ऐकत होत्या आणि आतून धुमसत होत्या. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "चांगली धडधाकट पोरगी. लिहिणाऱ्याला काय झालं होतं तिला जगवायला?"

"अगं, गोष्ट आहे ती," नवरा म्हणाला.

"गोष्ट आहे म्हणूनच विचारते. खऱ्यात आपल्या हातात नसतं. इथे तर होतं ना?"

दुसऱ्या दिवशी लॅबमधून परत येताना त्यांनी डावखुरीची मोठी फिगर विकत घेतली आणि ठरवून टाकलं, की ही म्हातारी होणार. सत्तरीची. मालिका काही का म्हणेना.

ठरवणं सोपं होतं. ॲनिमेतल्या मुलीचे डोळे अर्धा चेहरा व्यापतात, नाक म्हणजे एक ठिपका आणि कातडी अंड्याच्या टरफलासारखी. तिच्यावर सुरकुत्या कोरल्या की ती म्हातारी दिसत नाही, तडे गेलेली दिसते. पहिलं डोकं असंच वाया गेलं. मग कवळीताईंनी दुसरं डोकं मागवलं, सुरकुत्यांचा नाद सोडला आणि जबड्यापासून सुरुवात केली. दात गेले की माणसाचा चेहरा कुठे बसतो, ओठ आत कसे वळतात, हनुवटी नाकाकडे कशी सरकते, हे त्यांनी हजारो साच्यांत पाहिलं होतं. हनुवटी घासून थोडी वर घेतली, ओठांच्या कडा खाली आणल्या आणि डोळे तेवढेच मोठे ठेवून वरच्या पापण्या जड केल्या, उजवी जरा जास्त. भिंगाखाली धरून पाहिलं तर समोर एक म्हातारी होती, आणि ती डावखुरीच होती.

अंगरख्यासाठी त्यांनी हातकागद मागवला. हा जपानी कागद चुरगाळत राहिलं, की कापडासारखा मऊ पडतो. लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत त्या तो मांडीवर घेऊन चुरगाळत बसायच्या. शेजारच्या बाकावरचा तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, कुणाचा राग काढताय त्याच्यावर?" त्या म्हणाल्या, "आहे एकजण. ओळखीचा नाही."

पण खरा गोंधळ घातला तो तलवारीच्या म्यानाने. म्यान त्यांना लाकडाचं हवं होतं, आणि त्यावर जपानी कारागीर चढवतात तसं अस्सल रोगण. हे रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. तो वाळतो दमट हवेत, म्हणून त्यांनी एका खोक्यात ओला टॉवेल ठेवून त्याची उबदार कोठडी केली. एक पातळ हात द्यायचा, कोठडीत ठेवायचं, वाळलं की कोळशाने पाण्यात घासायचं, पुन्हा हात द्यायचा. सगळं पुस्तकातल्याप्रमाणे चाललं होतं. मात्र ओला चीक कातडीला लागू देऊ नये, हे वाक्य ताईंनी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. आयुष्यभर ॲसिड आणि ॲक्रिलिकमध्ये हात घातलेली बाई, तिला झाडाचा चीक काय करणार?

बिब्बा उतावा तसं तोंड उतलं. डोळ्यांच्या जागी दोन फटी राहिल्या आणि बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली. डॉक्टरने सुई टोचली, मलम दिलं आणि घरातली ती वस्तू फेकून द्या असं नवऱ्याला बजावलं.

नवरा सहसा आवाज चढवणारा नव्हता. त्या दिवशी चढवला. "आरशात बघ एकदा. या वयात बाहुल्यांपायी डोळे घालवून बसणार आहेस का? लोक काय म्हणतील ते जाऊ दे. मी काय करू, ते सांग."

"बघितलं आरशात," ताई सुजलेल्या ओठांतून म्हणाल्या. "पापणी जड झाली की खालची कड कशी दिसते, ते कळलं. तिच्या डाव्या डोळ्यात चूक आहे."

नवऱ्याला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबांनी कळवलंच होतं. "आई, बाकीच्यांच्या आया योगाला जातात," ती म्हणाली. "तू हे कधी थांबवणार?"

"थांबवणार नाही. हातमोजे घालणार," असं म्हणून ताईंनी फोन ठेवला.

आणि त्यांनी तेच केलं. लांब बाह्यांचा अंगरखा, दुहेरी हातमोजे, डोळ्यांवर लॅबचा चष्मा. नवऱ्याने कोठडीचं खोकं पाहिलं, गॅरेजमध्ये गेला आणि एका जुन्या फ्रिजच्या पेटीला रबर बसवून घट्ट दार करून दिलं. "वाफ बाहेर येता कामा नये," एवढंच बोलला आणि दोन दिवस रुसून राहिला.

बोटांची सूज पुरती उतरली नव्हती तेव्हा म्यान हातातून निसटलं आणि फरशीवर पडून उभं चिरलं. ताईंनी ते त्याच रोगणाने सांधलं आणि सांध्यावर सोन्याची भुकटी ओढली, तिकडे फुटकी भांडी सांधतात तशी. काळ्या म्यानावर सोन्याची एक वेडीवाकडी रेघ उमटली. काम संपलं. म्हातारी डावखुरी एका पायावर वजन देऊन उभी होती, पाठ किंचित वाकलेली, केसांचा पांढरा बुचडा, डाव्या हातात तलवार.

क्लबाचं वार्षिक प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात होतं. आदल्या दिवशी सगळे मांडामांड करायला जमले. ताईंनी टेबलावर फिगर ठेवली, कापड काढलं, आणि आजूबाजूची पोरं एकेक करून टेबलाभोवती जमली.

क्लबाचा सेक्रेटरी तिशीतला, चष्म्याच्या दुकानात काम करणारा. मुलगा मनाने वाईट नव्हता. शेवटच्या भागानंतर तो आठवडाभर नीट जेवला नव्हता, असं त्याची आईच सांगायची. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, काम जबरदस्त आहे. पण ही मांडता येणार नाही."

"का?"

"ती मेलीय, ताई."

"माझ्याकडे नाही मेली."

"तसं नसतं हो. तिचं मरण हाच तिचा अर्थ आहे. ती म्हातारी झाली, तर सगळ्या गोष्टीवर पाणी पडलं. आपला नियमच आहे, पात्राला धक्का लावायचा नाही."

"त्या तिथे तिला पंख लावलेत," ताईंनी बोट दाखवलं. "पलीकडे तिला अंघोळीच्या टबात बसवलंय. तिथे धक्का लागला नाही?"

कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरीचे कान लाल झाले. "ते वेगळं. ते सगळ्यांना चालतं. तुम्ही असं करा, मूळचं तरुण डोकं बसवा. अंगरखा, म्यान, सगळं राहू दे. एवढ्या मेहनतीचं चीज होईल."

"डोकंच तर मेहनतीचं आहे," ताई म्हणाल्या. "आणि अर्थाचं म्हणशील, तर तिच्या मरणाचा अर्थ तुला लागला. तिला विचारलंस, तिला काय हवं होतं?"

सेक्रेटरीने सगळ्यांकडे पाहिलं. कोणी ताईंची बाजू घेतली नाही. काहींनी मोबाइलमध्ये तोंड घातलं. ताईंनी फिगरवर कापड टाकलं आणि घरी आल्या.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "ठेव मग कपाटात. आपण बघू ना रोज."

"कपाटात ठेवायला म्हातारी नाही केली तिला."

सकाळी त्या वाचनालयात गेल्या आणि तिथल्या व्यवस्थापिकेला विचारलं, बाहेरच्या व्हरांड्यात कोणी बसायला हरकत आहे का? व्यवस्थापिका म्हणाली, व्हरांडा सगळ्यांचा आहे. ताईंनी सभागृहाच्या दाराबाहेर, मोठ्या खिडकीखाली घरचं स्टूल मांडलं. नवऱ्याने त्यावर काळं कापड अंथरलं. वर फिगर ठेवली आणि शेजारी खुर्ची टाकून ताई बसल्या. नवरा जायला निघाला, घुटमळला आणि जिन्याच्या पायरीवरच टेकला.

पोरं बघून न बघितल्यासारखं करत आत जात होती. थांबले ते त्यांना सोडायला आलेले लोक. कुणाची आजी, कुणाचे वडील. एक हाडकुळ्या बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "हिचा उजवा गुडघा गेलाय."

"गेलाय," ताई म्हणाल्या. "जिना उतरताना त्रास होतो."

"तरी तलवार सोडली नाही मेलीने," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि दाखवायला आपल्या नवऱ्याला बोलवायला गेल्या.

एका गृहस्थांनी म्यानावरची सोन्याची रेघ पाहून मान डोलावली. "म्हणजे आयुष्यातल्या जखमाच माणसाला सुंदर करतात, असं ना?"

"नाही हो. हातातून पडलं, फुटलं, सांधलं." गृहस्थ जरा हिरमुसले. जाताना त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, की ताईंचं कोणी लहान वयात गेलं होतं का?

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईने काही केलं, की त्यामागे कोणीतरी मेलेलं असावंच लागतं का? मला राग आला, म्हणून केली."

दुपारच्या सुमारास एक मुलगी आली. अंगावर हुबेहूब डावखुरीचा वेष, तसाच केसांचा झुपका, डाव्या हातात पुठ्ठ्याची तलवार. ती स्टुलासमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "हे तुम्ही केलंत? तुम्ही तिचा अपमान केलाय. ती किती सुंदर होती."

"होती. आता म्हातारी आहे."

"पण ती आमच्यासाठी मेली ना. गावाला वाचवायला."

"गाव वाचलं, ते मी तसंच ठेवलंय. ती पण वाचली, एवढंच बदललं. तुला आवडलं नसतं, ती वाचली असती तर?"

मुलीचा आतला गोतावळा हाका मारत होता, तरी ती हलली नाही. खाली बसून फिगरच्या तोंडासमोर तोंड आणून बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग इतकी वर्षं ती काय करत होती?"

हा प्रश्न ताईंना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता. "भांडत असणार," त्या विचार करून म्हणाल्या. "पोरींना शिकवत असणार. दोनचार वेळा तरी सगळं सोडून निघून गेली असणार. मग परत आली असणार."

मुलगी उठली आणि फिगरसारखी उभी राहायचा प्रयत्न करू लागली. एका पायावर वजन, पाठ वाकलेली. ताई खुर्चीतून उठल्या आणि तिचा खांदा धरून म्हणाल्या, "एवढं नको वाकूस. ती थकलीय, पण कुणाला दाखवत नाही." मुलीने पाठ थोडी सरळ केली. कोणीतरी फोटो काढला. मग आणखी एकाने. आतून पोरं बाहेर यायला लागली, आणि दारात इतकी दाटी झाली, की सेक्रेटरीला बघायला यावं लागलं.

तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. "ताई, रस्ता अडतोय. आत घ्या ना. मधल्या टेबलावर जागा करतो. फक्त पुढे एक पाटी ठेवू, की मूळ कथेशी याचा संबंध नाही."

"पाटी नको."

"ताई, मीही दोन पावलं मागे येतोय ना?"

"ये की. मी कुठे नाही म्हणते? पण पाटी नको, आणि आतही नको. इथे उजेड चांगला आहे."

सेक्रेटरी खिशात हात घालून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. अखेर तो फिगरच्या समोर उकिडवा बसला आणि चष्मा कपाळावर सरकवून तिचे डोळे निरखू लागला. "उजवी पापणी जास्त जड केलीत," तो पुटपुटला.

"हो."

"डावीकडून वार करायची, म्हणून उजवा डोळा बारीक करायची ती. पहिल्या भागापासून." त्याने चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "ती सवय राहिली असणार म्हातारपणी."

ताईंनी पापणी जड केली होती ती निव्वळ हाताच्या सवयीने. तोंडाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात म्हणून. पण हे त्या बोलल्या नाहीत. स्वतःची खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

"बस," त्या म्हणाल्या. "पाय दुखतील तुझे."

तो बसला. आत त्याला कोणीतरी शोधत होतं, पण तो उठला नाही. ताई उभ्याच राहिल्या. पुढची माणसं जिना चढून वर येत होती आणि त्यांच्यातला एक छोटा पोरगा आपल्या आजोबांना मोठ्याने विचारत होता, की ही कोण.

"डावखुरी," ताईंनी त्याला वरूनच सांगितलं. "ये, जवळ येऊन बघ."