खिडकीतल्या दोन डब्या

इबादान शहरातल्या दवाखान्यातून डबी मिळाली ती एकच, माझ्या नातीसाठी, केहिंदेसाठी. सकाळची पहिली लघवी त्यात भरून आणायची. सिकलसेल असलेल्या पोरांची मूत्रपिंडं गुपचूप खराब होऊ लागतात. पोर हसतखेळत असतं आणि अंगावर सूज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून लघवीतून प्रथिन झिरपतंय का, ते आधीच बघायचं. हे सगळं डॉक्टर फासान्याबाईंनी माझ्या मुलीला, मोरेनिकेला, नीट समजावलं. माझ्या बायकोला, अबेनीला, समजावण्याची गरज नव्हती. तिची धाकटी बहीण याच आजारात सुजून गेली. शेवटी शेवटी तिच्या पायांत चपलाही जात नव्हत्या.

पण आमच्या इग्बो-ओरा गावात जुळ्यांतल्या एकीलाच काही देणं म्हणजे दुसरीशी वैर घेणं. फ्रॉक दोन, बाहुल्या दोन. मार बसला तर तोही दोघींना. अबेनीने दुकानातून तश्शीच दुसरी डबी आणली. केहिंदेच्या जुळ्या बहिणीच्या, ताइयेच्या, रक्तात काही दोष नाही, पण तिनेही मोठ्या अभिमानाने ती भरली. दोन्ही डब्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. मोरेनिकेने घाईत एक उचलली आणि ती बससाठी पळाली. उरलेली अबेनीने लिंबाच्या झाडाला घातली.

निकाल घेऊन मोरेनिके आली ती नाचतच.

"आई, स्वच्छ! काही म्हणजे काही झिरपत नाही!"

अबेनीने मोठं पातेलं चढवलं. जुळ्यांच्या घरात आनंद झाला की चवळी शिजते, त्याला इलाज नाही. वरून पामचं तेल ओतलं, गल्लीतली सगळी पोरं बोलावली. मीही पोरांच्या पंगतीत बसलो. मोठ्यांना उशिरा वाढतात.

"बाई एवढंच म्हणाल्या," मोरेनिके वाढता वाढता हसली, "पुढच्या वेळी डबीत मुंगी जाऊ देऊ नका."

ताइयेचा घास थांबला. "मेली का गं ती?"

"कोण?"

"माझी मुंगी. पोहते का बघायला टाकली होती."

अबेनीच्या पळीतून तेल ठिबकत राहिलं. "कुणाच्या डबीत टाकलीस?"

"माझ्याच की. केहिंदे तिच्यात टाकू देईना."

पोरं जेवत होती. आम्ही तिघं केहिंदेकडे बघत होतो. अबेनीने पळी ठेवली, केहिंदेचा पाय मांडीवर ओढला आणि घोट्यावर अंगठा दाबला. सुजेचा खड्डा राहतो का, ते बघायला.

"आजी, गुदगुल्या होतात!"

"म्हणजे लिंबाचं झाड तपासून आणायला हवं," मी म्हणालो.

"मोरेनिकेचे बाबा," अबेनी म्हणाली, "आज तोंड बंद ठेवा."

मी ठेवलं. तिचा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळेच इबादानला गेलो. डब्या पुन्हा दोनच. मात्र केहिंदेच्या डबीला या वेळी लाल दोरा बांधला होता.

"दोन कशाला?" फासान्याबाईंनी विचारलं. मग पोरींकडे पाहिलं आणि दोन्ही घेतल्या.

बाकावर बसून अबेनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराचे पाय बघत होती. मी 'थुंकू नका' ही पाटी पुन्हा पुन्हा वाचली. एरवी अशा पाटीवर मला काहीतरी सुचतं.

बाई बाहेर आल्या. "केहिंदेचं थोडं झिरपतंय. मी दोनदा तपासलं."

अबेनीची नखं माझ्या मनगटात रुतली. "थोडं म्हणजे?"

"म्हणजे वेळेत सापडलं. ही गोळी रोज द्यायची. तीन महिन्यांनी पुन्हा डबी."

"मग सूज येणार नाही ना? शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला नाही. "रोज द्या, आजी," एवढंच म्हणाल्या. "एकही दिवस चुकवू नका."

अबेनीने गोळी तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली.

"आणि ताइयेची?"

फासान्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडला, चाचपला आणि एक पेपरमिंट काढलं.

केहिंदे पोटातून मागून आली, म्हणून आमच्यात ती थोरली. जग कसं लागतं ते बघायला तिने धाकटीला पुढे धाडलेलं असतं, आणि धाकटीने हाक दिली की मग ती स्वतः येते. आताही तिने आजीच्या हातातल्या गोळीकडे पाहिलं आणि ताइयेला कोपर मारलं.

"तू आधी."

ताइयेने पेपरमिंट तोंडात टाकलं. आम्ही सगळे, बाईसुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

"गार आहे," ताइये म्हणाली. "ये."