फिरवलेलं टेबल

रंगरावांनी घड्याळ थांबवलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून पाहिलं. पिंपरीच्या कामगार सभागृहात पहिल्या रांगेत, समोर खेळणाऱ्या इनायतच्या प्रेस शॉपची माणसं बसली होती आणि त्यांचे हात हवेत चालू होते.

“ताई, हे खुणा करताहेत. इनायतला चाली सांगताहेत.”

पंच सुमनताई चष्मा सावरत उठल्या. शहात्तर सालातला हा बुद्धिबळाच्या निवडीचा शेवटचा डाव. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार, आणि लबाडी ठरली तर इनायतला पुन्हा पटावर कोणी बसू देणार नव्हतं.

“चाली कसल्या, राव,” पहिल्या रांगेतला भिवा म्हणाला. “चहा सांगत व्हतो. आमच्यात तोंडानं कोण बोलतंय?”

ते खरं होतं. इनायत आणि भिवाच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणका असा, की शॉपमधली मांजरंसुद्धा म्याव करायच्या ऐवजी पंजा हलवत.

इनायत उठला. “टेबल फिरवा, ताई. माझी पाठ त्यांच्याकडं करा.”

टेबल फिरलं. आता भिवाची रांग रंगरावांच्या समोर आली.

डाव रंगरावांकडे झुकू लागला. इनायतचं एक मोकळं प्यादं दिसलं, तसा त्यांनी वजिराकडे हात नेला. बोटं टेकायच्या आत समोर भिवाचा पंजा झटकन छातीशी ओढला गेला. प्रेसखाली हात जाताना दिसला की करतात ती खूण. हात कुणाचा, हे आधी बघायची सवय तिथं कुणालाच नव्हती.

भिवानं स्वतःचे हात मांडीखाली दाबले.

रंगरावांचा हात हवेतच थांबला. आता त्यांनाही दिसलं: प्यादं खाल्लं की इनायतचा उंट वजीर घेणार. इनायतची रांगेकडे पाठ होती, सुमनताई घड्याळाकडे बघत होत्या.

रंगरावांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग वजीर उचलला आणि ते प्यादं खाल्लं.

इनायतनं पटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“एवढं दिसलं नाही, रंगराव?”

“दिसलं. उशिरा दिसलं.”

उंटानं वजीर घेतला. रंगरावांनी पुन्हा घड्याळ थांबवलं.

“आता काय?” सुमनताईंनी विचारलं.

“टेबल होतं तसं करा, ताई. इथं डोळ्यांवर ऊन येतंय.”

सभागृहाची एकुलती खिडकी रंगरावांच्या पाठीमागे होती. सुमनताईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टेबलाची एक कड धरली.