घोड्यांचं कॉलेज

कॉलेजात आम्हाला तीन वर्षं घोडाच शिकवला. मी तळा गावाला गुरांचा डॉक्टर म्हणून आलो, तर आसपास घोडा औषधालाही नव्हता!

पुढे त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉलसाहेब मुंबईहून विचारायला आले, “हमीद, अभ्यासक्रमात काय बदलू?” तेव्हा मी भाषण दिलं नाही. त्यांना सरळ भागोजीच्या गोठ्यात नेलं. म्हशीची कास सुजली होती. साहेब बूट वाजवत पुढे झाले आणि लाथेतून थोडक्यात वाचले.

“थांबा वाईच,” म्हणून भागोजी घरात गेला. बायकोचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आला. म्हैस एकदम शांत झाली. तो तिची मान खाजवत राहिला आणि मी कास तपासली.

साहेबांना हसू आवरेना. “हे मी कुठल्या पुस्तकात घालू?”

माझं डोकं फिरलं. “घोड्याची चार पानं फाडा साहेब, जागा होईल!”

“बरं, पण घरच्या बाईच का येत नाहीत?” त्यांनी भागोजीला विचारलं.

“मनू शिमग्यातच वारली,” भागोजी पदर सावरत हळूच म्हणाला. “हिला अजून सांगितलं न्हाय.”

साहेबांनी खाली वाकून बूट काढले.