आधी अक्का उठतील

"हात नाही टेकायचे, अक्का. हात छातीवर. नाक पुढे न्या, मग आपोआप उठाल."

"नाक पुढं काढून जायचं कुठं आहे मला," असं म्हणत पद्मावतीअक्का खुर्चीतून उठल्या. हात न टेकता. मी शाळेच्या गणवेशातच टाळ्या वाजवल्या, तर बातमी शेजारी जाईल अशा भीतीने त्यांनी मला हळू म्हणून खुणावलं.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. आम्ही पुण्याचे, त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्यांच्याही घरात मराठीच, पण त्यांच्या मराठीत कन्नड, माझ्या मराठीत इंग्रजी, आणि दोघींचंही म्हणणं की समोरचीला मराठी येत नाही.

मार्चमध्ये त्या हॉलमध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण जमिनीवरून उठताच येईना. दुपारभर फरशीवर तशाच पडून होत्या. शाळेतून येताना मला आत फोन वाजत राहिलेला ऐकू आला, म्हणून मी खिडकीतून डोकावले. मला बघून त्या पहिलं काय म्हणाल्या, तर "श्रीहर्षाला सांगू नकोस." आईने अर्थातच सांगितलं.

श्रीहर्षकाका म्हणजे त्यांचा मुलगा. राहतात याच शहरात, व्हाइटफील्डला, पण मधल्या ट्रॅफिकमुळे ते जवळजवळ परदेशीच. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. आता ते म्हणाले, आई, माझ्याकडे चल, तिथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे. अक्का म्हणाल्या, या घरात मी लग्न होऊन आले, इथून कुठे जाणार नाही. काका वाईट नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, ठीक आहे, जमिनीवर बसून एकटी उठून दाखव, मग विषय संपला.

फिजिओ मॅडम काही आठवडे येऊन सगळे व्यायाम शिकवून गेल्या आणि पुढचं काम मी घेतलं. नुकतीच मी शाळेत स्टेजवरून निवेदन करायला लागले होते, त्यामुळे माझा आवाज तेव्हा खालच्या पट्टीत निघतच नव्हता. ओट्याला धरून टाचा उचला. एका पायावर उभ्या राहा. पायरीचा व्यायाम उंबऱ्यावर घेऊ म्हटलं, तर अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की आम्ही मुकाट्याने मागच्या दारी गेलो. शेवटी जमिनीवरून उठणं. आधी कुशीवर, मग हात आणि गुडघे, मग एक पाय पुढे, आणि वर. सुरुवातीला खुर्ची धरून, नंतर काहीच न धरता.

एक मात्र होतं. झाला आजचा व्यायाम, असं मी म्हटलं की त्यांना काहीतरी आठवायचं. डावा पाय राहिला. टाचा नीट झाल्या नाहीत. "स्वल्प थांब गं, अजून एकदा." मला वाटायचं, काय मेहनती आहेत.

ऑगस्टमध्ये श्रीहर्षकाकांचा वाढदिवस रविवारी आला. अक्कांनी ठरवलं, औक्षण करायचं आणि जमिनीवर पंगत मांडायची. टेबल नको. त्यांच्या घरची जुनी रीत आहे. सगळ्यांत मोठं माणूस उठल्याशिवाय पानावरून कोणी उठायचं नाही. "सगळ्यांच्या आधी मीच उठणार," त्या मला म्हणाल्या. "बघू दे त्याला." आदल्या दिवशी त्या अशा उठल्या की मलाच हेवा वाटला.

काका, अनुषाकाकू आणि त्यांचा प्रणीत आले. मलाही पानावर बसवलं. चित्रान्न, पुरणपोळी, कोशिंबीर. काका लहानपणी लपून कसा गूळ खायचे, ते अक्कांनी सांगितलं आणि प्रणीतने चक्क फोन उलटा ठेवून ऐकलं. मग कोसंबरी म्हणायचं की कोशिंबीर, यावर माझ्याशी भांडण झालं आणि त्यात प्रणीत त्यांच्या बाजूने बोलला. अक्का इतक्या हसल्या की ठसका लागला.

जेवणं झाली. ताक झालं. मी अक्कांकडे बघून डोळ्यांनीच म्हटलं, आता.

अक्का उठल्या नाहीत.

त्यांनी प्रणीतला शाळेचं विचारलं. मग अनुषाकाकूंच्या आईच्या गुडघ्यांचं. मग परत शाळेचं. सगळ्यांचे हात वाळून पांढरे झाले. काकांनी घड्याळ पाहिलं आणि व्हाइटफील्डच्या रस्त्याबद्दल काहीतरी म्हणाले. अक्कांनी पानाच्या कडेचं मीठ बोटाने जरा इकडे केलं, मग जरा तिकडे. मी मनात ओरडत होते, कुशीवर, हात, गुडघे.

काका बराच वेळ आईकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. मग ते पानावरून उठले. आधी ते उठले. अक्कांच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना उभं केलं.

"असू दे, आई," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर घेऊन जातो तुला."

"सरी," अक्का म्हणाल्या. म्हणजे बरं. एवढंच.

मी तोंड उघडलं होतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

गाडी गेल्यावर मी तणतणत खाली आले. हॉलमध्ये त्या एकट्याच होत्या. प्रणीत बसला होता त्या जागी खाली बसून फडक्याने फरशी पुसत होत्या. मला बघून, काहीही न धरता, हातात फडकं घेऊन सरळ उठल्या.

"अक्का, येतं की तुम्हाला. मग तेव्हा का नाही उठलात?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग ती मोडून परत घातली.

"उठले असते तर ते गेले असते गं."

"पण आता घर जाणार तुमचं."

भिंतीशी ठेवलेली आमची व्यायामाची खुर्ची त्यांनी ओढली, बसल्या आणि हात छातीवर घेतले.

"आजचा राहिलाय," म्हणाल्या. "तू सांग."

मी सांगत राहिले. हळू आवाजात.