दीड दिवसाचा रस्ता

"वहिनी, शीतपेटी मागवतो. दोन दिवस ठेवता येतंय त्यात," माझा दीर धोंडिबा दारातूनच म्हणाला.

"आख्खा जन्म कढत पाण्यानं अंघोळ केली त्यांनी, उन्हाळ्यातसुद्धा. आता बर्फात घालतोस व्हय?"

माझे मालक पुढच्या खोलीत निजवलेले. पहाटेच गेले. आमच्या मांजरी गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्यांनी दुरुस्त केल्या. छातीत दुखतंय एवढं मात्र कुणाला सांगितलं नाही.

माझी लेक भाग्यश्री हिनं भावाला फोन लावला. अभिनव कॅनडात, व्हँकुव्हरला.

"आई, निघालोच. इथून लंडन, तिथून मुंबई, मग टॅक्सी. दीड दिवस धर. थांबशील ना? मला बाबांचं तोंड बघायचंय."

"किती लांब हाय रे ते?"

"सरळ उडालं तरी बारा हजार किलोमीटर, आई."

माझी शाळा दुसरीत सुटली. बारा हजार मला काय कळणार? मला लोहगाव कळतं. तिथल्या विमानतळाची विमानं दिवसभर आमच्या पत्र्यावरून उतरतात, पोटाखालची चाकंसुद्धा दिसतात. त्यातलं एकही त्याच्या गावाहून येत नाही.

"ये, सावकाश ये," म्हणाले. थांबते, असं म्हणाले नाही.

मयत उचलेपर्यंत आमच्या आळीत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. पलीकडच्या नव्या सोसायट्यांना त्याचं काय! आळीनं मात्र अजून सोडलेलं नाही. दुपार कलली. शेजारची दुर्गाबाई माझ्याजवळ बसून होती. तिची सून ओली बाळंतीण.

"तिला काही खायला घातलंस का?"

"असं कसं, मुक्ताई? भावजी अजून घरात हायेत. चहा दिलाय."

मी मालकांकडे पाहिलं. कुणाचं पाणी त्यांनी एक दिवससुद्धा अडू दिलं नव्हतं.

"उचला," मी म्हणाले.

"आई, अगं दादा येतोय ना!" भाग्यश्री ओरडली.

"आन् अग्नी कोण देणार?" धोंडिबानं विचारलं.

"हिचे हात काय भाड्यानं आणलेत?" मी भाग्यश्रीला पुढं केलं.

अग्नी भाग्यश्रीनंच दिला. घरी परतलो तेव्हा आळीत चुली पेटल्या होत्या. दुर्गाबाईनं कडू घास आणला, मयतानंतर शेजाऱ्यानं द्यायचं पहिलं जेवण, पिठलं-भाकरी. सगळे जेवले. माझी भाकरी मी फडक्यात बांधून ठेवली. भूक नाही म्हणाले. भूक कशी नसेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्रीनं मोबाइलवर नकाशा दाखवला. निळ्या पाण्यावर मुंगीएवढं विमान. मी बघत राहिले. ते हलतच नव्हतं.

दिवेलागणीला अभिनव आला. बॅग हातातच. मालकांच्या जागी पणती तेवत होती. तिच्याकडे बघत उभा राहिला.

"थांबली का नाहीस?"

"आळीच्या चुली बंद होत्या. दुर्गाबाईची सून बाळंतीण."

"मला वाटत होतं, बाबा वाट बघतायत. डोळ्याला डोळा नाही लागला विमानात."

मी आत गेले, भाकरीचं फडकं घेऊन आले.

"हात धू. कडू घास राहिलाय."

"कुणाचा?"

"तुझा आन् माझा."

तो मांडी घालून बसला. वरून एक विमान उतरलं, पत्रा थरथरला. त्यानं मान वर केली नाही. भाकरी पार वाळून गेली होती. मोडायला दोघांना जोर लावावा लागला.