खुंटीवरची मॅक्सी

नलू मॅक्सी घालून बाहेर आली आणि तिच्या आईनं, अनुसयाबाईंनी, पहिलाच प्रश्न विचारला, “ही कोनं घातली होती?”

सुलोचनाबाईंच्या हातातली टाचणी हातातच राहिली. परवा मापाला घातली तेव्हा हीच मॅक्सी घोट्याच्या वर होती. आज तिची किनार सारवलेल्या जमिनीवर लोळत होती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि गळा तर नलूनं एका हातानं धरून ठेवला होता.

“घालन कोन बाप्पा? दोन दिवसांपासून खुंटीवर हाय.”

“खुंटीवर कपडा वाढत असते काय? अंगावर घालून मिरवला की असा झोल येते. तुमच्या घरी नवी सून हाय न?”

शिवणकाम करणाऱ्या बाईवर येणारे दोन आळ वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत सगळ्यांना तोंडपाठ होते. एक, कापड चोरते. दुसरा, गिऱ्हाइकाचे कपडे आधी आपल्या घरच्यांना घालून लग्नाकार्यात फिरवते. सुलोचनाबाईंच्या ओसरीवरच्या मशीनवर इतकी वर्षं गेली, पण यातलं एकही कोणी कधी त्यांच्याबद्दल बोललं नव्हतं. बोलायची टापही नव्हती. त्या स्वतःच इतक्या संशयी होत्या की दुसऱ्याला जागाच उरत नसे. दुधात पाणी, रिळात दोरा कमी, कांद्याच्या ढिगात खाली सडके, हे त्या वस्तू घरात येण्याआधीच ठरवून टाकत. बाईंचं ते दर वेळी खरं निघायचं असं नाही, पण बहुतेक वेळा निघायचं. त्यामुळे खोड मोडायचं काही कारणच पडलं नाही.

हे कापड अनुसयाबाईंच्या भावानं मुंबईहून आणलं होतं. जांभळं, जाड, आणि बनियनसारखं विणलेलं. धरून ओढलं की लांबायचं, सोडलं की मागं यायचं. असलं कापड सुलोचनाबाईंनी जन्मात शिवलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली वर्ध्यातल्या दुकानांतही ते फारसं दिसत नसे. पण ‘मले जमत नाही’ हे अनुसयाबाईंपुढे म्हणायचं? त्यांच्या किराणा दुकानात अर्धी वस्ती येते. दुपारपर्यंत गावभर झालं असतं.

कापड मोठं द्वाड निघालं. कात्री लावली की काठ भाजलेल्या पापडासारखे वळायचे. मशीनखाली घातलं की सुई टाके सोडायची आणि शिवण लाटांसारखी वरखाली व्हायची. दोनदा उसवून झाल्यावर शेजारी बसलेली सून कांता हळूच म्हणाली, “आत्याबाई, खाली पेपरची पट्टी घालून पाहा न. माही आई बनियनले तसंच करते. मंग फाडून टाकाची.”

केलं, आणि शिवण सरळ आली. सुलोचनाबाई मनातून खूश झाल्या. कांतानं कापडावरून हात फिरवला होता. “किती मऊ हाय, आत्याबाई. गाईच्या कानासारखं.”

आता, अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या असताना, सुलोचनाबाईंना नेमकं तेवढंच वाक्य आठवलं.

“कांता, इकडे ये वं.”

कांता पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“खरं सांग. ही मॅक्सी तू अंगात घातली?”

“नाई, आत्याबाई.”

“हात लावला?”

“लावला. तुमीच तर खुंटीले टांगाले सांगतलं.”

“काल दुपारी आरशापुढं काय करून राह्यलती? मी पाह्यलं.”

“टिकली लावून राह्यलती.”

“हं,” अनुसयाबाई म्हणाल्या. त्या एका ‘हं’नं काम केलं.

“येवढा जीव चालला होता तर मले मांगतली असती!” सुलोचनाबाई ओरडल्या. “चोरून काऊन घातली? माह्या नावाले काऊन बट्टा लावला?”

बाईंना आपलं नाव वाचवायचं होतं आणि त्यासाठी हाताशी जे माणूस होतं ते त्यांनी पुढे ढकललं. सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. कांतानं पुन्हा ‘नाई’ म्हटलं नाही. आत गेली, पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला, रूपरावला, एवढंच सांगितलं, “मले हिंगणीले नेऊन द्या.” रूपराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो तिला माहेरी सोडून आला आणि तसाच कामावर गेला. आईला त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

त्यांनी मॅक्सी पुन्हा उसवली. खांदे वर घेतले, खालून कापून नवी दुमड घातली आणि त्याच खुंटीला टांगली. मग चुन्याचा खडू घेऊन जिथं किनार येत होती तिथं भिंतीवर रेघ मारली. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आता बघू कोण घालतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं. किनार रेघेच्या खाली गेली होती.

पहिला संशय कुलपावर आला. ते त्यांनी ओढून पाहिलं, पक्कं होतं. मग रूपरावावर. पण किल्ली रात्रभर उशाखाली होती, आणि त्या दांडग्यानं मॅक्सी घालायची तरी कशी? खिडकीचे गज हलवून झाले. शेवटी त्यांना स्वतःच्याच डोळ्यांचा संशय आला, म्हणून खाली बसून त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. रेघ होती तिथंच होती. ते जड, विणलेलं कापड टांगल्या टांगल्या आपल्याच वजनानं खाली उतरत होतं, आणि त्याला कुणाच्याही अंगाची गरज नव्हती.

 सुलोचनाबाईंना स्वतःची लाज वाटली. अशी लाज वाटायची त्यांना सवय नव्हती.

मॅक्सी नीट करून, घडी घालून, त्या स्वतः दुकानात द्यायला गेल्या. “ही खुंटीले टांगू नोका, अनुसयाबाई. घडी करून ठेवजा. टांगली की लांबते. आमच्या कांतानं नव्हती घातली.”

“जाऊ द्या न आता,” अनुसयाबाई तराजूत डाळ ओतता ओतता हसल्या. “लेकरू हाय. हौस असते.”

“पन नव्हती घातली!”

“बरं, नव्हती घातली.”

दुकानात उभ्या असलेल्या दोन बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कांतानं मॅक्सी घातल्याची गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई एसटीनं हिंगणीला गेल्या. कांता अंगणात तुरी पाखडत होती. तिच्या आईनं चहा दिला, त्यांनी तो तसाच ठेवला.

“माही चूक झाली, कांता. कापडच तसलं होतं. मी कुलूप लावून पाह्यलं.”

कांतानं सूप खाली ठेवलं. “मी सांगतलं तवा नाई पटलं, आत्याबाई. कापडानं सांगतलं तवा पटलं.”

आवाज चढा नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं ती सासूबरोबर परत आली.

घर पुन्हा सुरू झालं. कांता मशीनपाशी बसायची, काजं करायची, गुंड्या लावायची. विणलेलं कापड आलं की पेपरच्या पट्ट्या कापून द्यायची. बोलणं-चालणं होतं, हसणंही होतं. सुलोचनाबाईंना वाटलं, मिटलं.

दिवाळीनंतर कांता माहेरी निघाली. रूपराव बाहेर सायकल काढत होता. तिनं भरलेली पिशवी सासूसमोर ठेवली आणि त्यातल्या वस्तू एकेक करून जमिनीवर मांडल्या. दोन लुगडी, पोलकी, फणी, आईसाठी घेतलेला चिवडा. पोलक्याची घडीसुद्धा उलगडून दाखवली.

“हे काय वं?”

“पाहून घ्या, आत्याबाई.”

“भर थे. भर म्हनलं न!”

“एकदा पाहून घ्या. मंग भरतो.”

त्यांनी पाहिलं. कांतानं सगळं शांतपणे परत भरलं, पाया पडली आणि गेली.

पुढे दर वेळी तसंच झालं. बाईंनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. मग कांता माहेरी निघाली की त्या मुद्दाम उठून मागच्या परसात जाऊ लागल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. बाहेर रूपराव घंटी वाजवायचा, गाडीची वेळ व्हायची. त्या आत येईपर्यंत कांता उघड्या पिशवीपाशी बसून राहायची.